गाठीचे मूळ गाव कोणते?

पाठीवर सरळ झोपा. हातांची छातीवर घडी घाला आणि मान व खांदे जमिनीपासून वीतभर उचला. पोटाचे स्नायू फळीसारखे घट्ट झालेले बोटांनी चाचपून पाहता येतील. पोटावर गाठ घेऊन आलेल्या रुग्णालाही डॉक्टर हीच कृती करायला सांगतात. गाठ पोटाच्या भिंतीत, म्हणजे कातडीखालच्या चरबीत किंवा स्नायूंत असेल, तर स्नायू आवळल्यावरही ती हाताला लागते; चरबीतली असेल तर उलट अधिकच ठळक होते. गाठ भिंतीमागे, पोटाच्या पोकळीत असेल तर ताठ झालेल्या स्नायूंआड ती लपते. एक पैसाही खर्च न करता, दहा सेकंदांत एका प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते: गाठ कुठे आहे?

पण गाठ कुठे आहे हे कळले म्हणजे ती कुठली आहे हे कळले असे होत नाही. मुंबईत भेटलेला माणूस मुंबईचाच असेल असे आपण धरून चालत नाही. मूळ गाव विचारतो. पोटाच्या भिंतीत सापडलेली गाठ तिथेच जन्मलेली असू शकते. जठरातून, आतड्यातून किंवा अंडाशयातून येऊन तिथे वसलेली असू शकते. आणि क्वचित ती भिंतीच्या सर्वांत आतल्या अस्तराची, म्हणजे पर्युदराची, स्वतःची असू शकते. या तिसऱ्या, दुर्मिळ प्रकाराला प्राथमिक पर्युदरीय गाठ म्हणतात. ती ओळखायची कशी, ते या लेखात पाहू. प्रश्न नुसत्या नावाचा नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एकीला काही महिने नुसते पाहत राहणे हाच उपाय असतो, तर दुसरीसाठी मोठी शस्त्रक्रिया आणि कर्करोगाची औषधे लागतात. तिसऱ्या ठिकाणी तर गाठ नसून क्षयरोग असतो, आणि तो सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

भिंत आणि तिचे अस्तर

बाहेरून आत गेलो तर पोटाच्या भिंतीत प्रथम कातडी लागते, मग चरबी, मग स्नायूंचे थर आणि त्यांना बांधून ठेवणारे चिवट पापुद्रे, मग पुन्हा थोडी चरबी आणि शेवटी पर्युदर. पर्युदर हा पातळ, ओलसर, चकचकीत पडदा आहे. तो भिंतीला आतून चिकटलेला असतो आणि तसाच वळून जठर, यकृत, आतडी यांच्यावरही पसरतो. आतड्यांवरून पदरासारखी लोंबणारी चरबीची जाळीही त्याचाच भाग. डॉक्टर तिला ओमेंटम म्हणतात. या साऱ्या घड्या उलगडून पसरल्या तर पर्युदराचे क्षेत्रफळ साधारणपणे आपल्या कातडीएवढे भरते. एवढ्या मोठ्या पडद्याचा पृष्ठभाग मात्र पेशींच्या एकाच थराचा असतो. या थराला मेसोथेलियम म्हणतात.

या पेशी थोडासा द्रव पाझरवत राहतात. निरोगी माणसाच्या पोटात तो काही चमचेच असतो, पण त्याच्यामुळे आतडी एकमेकांवर न घासता सरकतात. हा द्रव साचून राहत नाही. श्वासाबरोबर श्वासपटल वरखाली होते, आतडी हालत असतात, आणि द्रव हळूहळू वर सरकून श्वासपटलाखालच्या लसिकावाहिन्यांत शोषला जातो. पोटातल्या एखाद्या अवयवावरच्या गाठीतून पेशी सुटल्या तर त्या या प्रवाहात पडतात आणि ओटीपोटाच्या तळाशी, ओमेंटमवर, उजव्या श्वासपटलाखाली किंवा भिंतीच्या अस्तरावर रुजतात. म्हणूनच पर्युदरावर कर्करोग सापडला की तो बाहेरून आलेला असण्याचीच शक्यता फार मोठी असते. जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड, अंडाशय ही नेहमीची मूळ गावे. स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकारही पर्युदरावर जाऊन बसतो. ‘प्राथमिक’ हा शब्द वापरण्यापूर्वी ही सगळी गावे पालथी घालावी लागतात.

बेंबीवरचा कठीण दाणा

भिंतीतल्या गाठीवरून आतली बातमी कशी कळते याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले आहे. रॉचेस्टर गावातल्या सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी (१८५६–१९३९) या जोगीण-परिचारिका विल्यम मेयो या सर्जनांना शस्त्रक्रियेत मदत करत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट धुऊन स्वच्छ करताना त्यांच्या लक्षात आले, की काही रुग्णांच्या बेंबीत कठीण दाणा हाताला लागतो आणि अशा रुग्णांचे पोट उघडले की आत पसरलेला कर्करोग सापडतो. मेयो यांनी १९२८ साली याविषयी लिहिले. सिस्टरांचे नाव त्या दाण्याला मिळाले ते १९४९ साली, हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जनाच्या पुस्तकातून, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. निरीक्षण मात्र ज्या हातांनी रोज पोटे धुतली त्यांचेच.

बेंबीच का? तिथे स्नायूंचा थर नसतो. पर्युदर आणि कातडी यांच्यातले अंतर तिथे सर्वांत कमी. शिवाय गर्भावस्थेतल्या रक्तवाहिन्यांचे अवशेष दोरीसारखे बेंबीपर्यंत आलेले असतात. आतल्या पेशींना बाहेर डोकावायला ती जणू खिडकीच आहे. अर्थात बेंबीतला प्रत्येक दाणा असा नसतो; हर्निया आणि साधे मळाचे खडेही तिथे सापडतात.

आता भिंतीच्या स्वतःच्या गाठी. चरबीची मऊ, सरकणारी गाठ सर्वांच्या परिचयाची. तिच्यावर वेळ घालवायला नको. दुसरी डेस्मॉइड. ही स्नायूंच्या आवरणात वाढणारी, लाकडासारखी कठीण गाठ आहे. ती पुष्कळदा बाळंतपणानंतरच्या एकदोन वर्षांत तरुण स्त्रीच्या पोटाच्या भिंतीत दिसते. ती आजूबाजूला घुसते, पण दूरच्या अवयवांत कधी पसरत नाही, आणि काही वेळा आपोआप आक्रसते. म्हणून आता डॉक्टर घाईने कापत नाहीत, लक्ष ठेवतात. तिसरी गाठ सिझेरियनच्या व्रणाजवळ येते आणि दर महिन्याला पाळीच्या दिवसांत दुखते, फुगते. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी शस्त्रक्रियेच्या वेळी व्रणात अडकून तिथे वाढलेल्या असतात. इथे ‘दुखते कधी?’ हा एकच प्रश्न नीट विचारला तर निम्मे निदान झालेच. असा प्रश्न विचारायला लाज वाटावी आणि रुग्णाने तो सांगायला लाजावे, या दोन्ही गोष्टींनी आपल्याकडे कितीतरी निदाने लांबतात.

पोटात पाणी झाले तर

प्राथमिक पर्युदरीय कर्करोग बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रियांत आढळतो. (पुरुषांत तो सापडल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत.) सुरुवातीला काहीच विशेष होत नाही. पोट जड वाटते, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे होते, नाडी घट्ट होऊ लागते. गॅस झाला असेल, वय झाले, असे म्हणत दिवस जातात. मग पोटात पाणी साचते. आपल्या जुन्या वैद्यकात याला जलोदर म्हणत.

डॉक्टर सोनोग्राफी व सीटी स्कॅन करतात. स्कॅनमध्ये पाणी दिसते, ओमेंटम जाड होऊन थापीव भाकरीसारखे झालेले दिसते, भिंतीचे अस्तर जागोजागी जाडावलेले दिसते. अंडाशये मात्र नेहमीच्याच आकाराची. स्कॅनची मर्यादाही इथेच ध्यानात घ्यावी. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान दाणे त्याच्या नजरेतून सहज सुटतात. स्कॅन कोरा आला म्हणजे पर्युदर कोरे आहे, असा अर्थ काढता येत नाही.

बरोबरच रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन मोजतात. रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ साली एक प्रतिपिंड तयार केला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर तो ज्या प्रथिनाला चिकटतो तेच हे. मिलिलिटरमागे ३५ एककांपर्यंतचे प्रमाण सामान्य मानतात. पण हे प्रथिन कर्करोगाचे एकट्याचे नाही. पर्युदराच्या निरोगी पेशीही चिडल्या, सुजल्या, ताणल्या की ते सोडतात. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, यकृताच्या आजाराने पोटात पाणी झाल्यावर ते वाढते. आणि पर्युदराच्या क्षयरोगात ते शेकड्यांत जाते.

हा मुद्दा आपल्या देशात फार महत्त्वाचा आहे. पोटात पाणी, वजनात घट, जाडावलेले ओमेंटम, वाढलेले सीए-१२५: हे चारही कर्करोगात असतात आणि चारही क्षयरोगात असतात. दुर्बीण घालून पाहिले तर क्षयाने पर्युदरावर बाजरीच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके उठलेले दिसतात, आणि कर्करोगाचे ठिपकेही कधीकधी अगदी तसेच दिसतात. अहवालातला वाढलेला आकडा पाहून घरची मंडळी हाय खातात, रुग्णापासून बातमी लपवतात, जमीन विकायची बोलणी होतात. आणि रोग निघतो पुरता बरा होणारा. उलटही घडते. क्षय असेलच असे धरून पुराव्याशिवाय गोळ्या सुरू होतात आणि कर्करोगाला तीन-चार महिने मोकळे रान मिळते. पोटातल्या पाण्यात अॅडेनोसिन डिअॅमिनेज या विकराचे प्रमाण क्षयात वाढते, त्याचा उपयोग होतो. पाण्यात क्षयाचे जंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच सापडतात. शेवटी निकाल लागतो तो तुकडा काढून तपासल्यावरच.

तुकडा काढणे, म्हणजे बायॉप्सी, यातही एक बारकावा आहे. कर्करोगाच्या पेशी सुईच्या किंवा दुर्बिणीच्या वाटेवर, पोटाच्या भिंतीत, रुजू शकतात. म्हणजे निदानासाठी पाडलेल्या भोकातच नवी गाठ! म्हणून पर्युदराच्या गाठीचा संशय असला की अनुभवी सर्जन दुर्बिणीचे भोक शक्यतो पोटाच्या मध्यरेषेवर पाडतात. पुढे मोठी शस्त्रक्रिया करताना छेद तिथेच घ्यायचा असतो आणि भोकाभोवतीचा भाग त्याबरोबर काढून टाकता येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग त्यातले पाणी काढून मेणात बसवतात. मेणाच्या या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. (आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.) हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रे जांभळी होतात, इओसिनने उरलेला भाग गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन एका अमेरिकन झाडाच्या लाकडापासून मिळते. शंभराहून अधिक वर्षे जगभरातले निदान या दोन रंगांवर चालले आहे.

१९५९ साली स्वर्डलो या विकृतिशास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गाठ नोंदवली. ती ओटीपोटाच्या पर्युदरावर होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखी दिसत होती. तशीच फांद्या फुटलेली रचना. अशा गाठींत चुन्याचे वाळूसारखे गोल कणही पुष्कळदा सापडतात. अंडाशयाशी संबंध नसताना अंडाशयाचे रूप आले कुठून?

एक उत्तर गर्भविज्ञानात आहे. गांडूळ शिकवताना आपण देहगुहा हा शब्द वापरतो. माणसाच्या गर्भातही मध्यस्तरात अशी देहगुहा तयार होते आणि तिचे अस्तर म्हणजेच पुढचे पर्युदर. साधारण सहाव्या आठवड्यात या अस्तराची एक घडी आत वळून नळी बनते. योहानेस म्युलर यांच्या नावाने तिला म्युलर नलिका म्हणतात. मुलीच्या गर्भात तिच्यापासून अंडनलिका आणि गर्भाशय तयार होतात. अंडाशयावरचे आवरणही देहगुहेच्या अस्तराचेच. तेव्हा पर्युदर, अंडनलिका आणि अंडाशयाचे आवरण ही एका कुळातली भावंडे. मोठ्या वयातही पर्युदराला आपल्या कुळाची आठवण असते आणि गाठ होताना ती वर येते, असे स्पष्टीकरण पुढची कित्येक वर्षे दिले गेले. ते मोठे आकर्षक आहे. ते कितपत टिकले ते पुढे पाहू.

पर्युदराची दुसरी प्राथमिक गाठ म्हणजे मेसोथेलिओमा. ती मेसोथेलियमच्या रूपातच वाढते. तिची गोष्ट ॲस्बेस्टॉसशी जोडलेली आहे. वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड यांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले ३३ रुग्ण नोंदवले. त्यांच्या गाठी फुप्फुसाच्या आवरणाच्या होत्या. १९६५ साली लंडनमधून आलेल्या अभ्यासात पर्युदराचे रुग्णही होते, आणि त्यांत कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेली, पण घरच्या कामगाराचे धुळीने माखलेले कपडे धुणारी माणसेही होती. धूळ शिरणे आणि गाठ दिसणे यांत २०–३०, कधी ४० वर्षेही जातात. पर्युदराच्या मेसोथेलिओमात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा संबंध फुप्फुसाच्या आवरणाइतका पक्का नाही. तरीही ‘पूर्वी काय काम करत होता?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे आपल्या कितीतरी घरांवर आणि शाळांवर आहेत. छपरावर न फुटता पडून असलेला पत्रा आणि करवतीने कापला जाणारा पत्रा यांच्या धोक्यात मात्र फार फरक आहे. कापणाऱ्याच्या नाकात तंतू जातात.

दोन्ही गाठी नुसत्या जांभळ्या-गुलाबी रंगात एकमेकींसारख्या दिसू शकतात. त्यांना वेगळे काढायला प्रतिपिंडांची मदत घेतात. एका विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे, एकाच साच्यातले प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली दाखवली. कापावर असा प्रतिपिंड सोडला की ज्या पेशींत ते प्रथिन आहे तिथेच तो चिकटतो, आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे तेवढीच जागा तपकिरी होते. कॅलरेटिनिन हे प्रथिन (नावातला रेटिना खराच आहे, ते कोंबडीच्या पिल्लाच्या दृष्टिपटलात सापडले होते) मेसोथेलियममध्ये तपकिरी होते. पॅक्स-८ हे म्युलर कुळाच्या गाठींत होते, मेसोथेलिओमात सहसा नाही. आतड्याची गाठ सीडीएक्स-२ दाखवते. डब्ल्यूटी-१ मात्र अंडाशयाच्या कुळातही तपकिरी होते आणि मेसोथेलिओमातही. तेवढ्यावर निकाल देणारा फसतो. म्हणून एकाच साक्षीदारावर विसंबत नाहीत. बाजूचे दोन आणि विरुद्धचे दोन तरी तपासतात.

आणखी एक फसगत आहे. खूप दिवस पाणी साचले किंवा सूज राहिली की निरोगी मेसोथेलियमही वेडेवाकडे वाढते आणि कर्करोगाचा आव आणते. इथे बॅप-१ या प्रथिनाची चाचणी उपयोगी पडते. मेसोथेलियमच्या पेशीकेंद्रांतून ते नाहीसे झाले असेल तर गाठ दुर्दम आहे असे म्हणता येते. ते जागेवर असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कित्येक दुर्दम गाठींतही ते शाबूत असते. होकारातून निष्कर्ष निघतो पण नकारातून निघत नाही, अशा चाचण्यांचे हे चांगले उदाहरण वरच्या वर्गांना तर्क शिकवताना देता येईल.

पर्युदराची आणखी एक गाठ पौगंडावस्थेतल्या आणि विशीतल्या मुलांत येते. ती १९८९ साली जेराल्ड आणि रोसाय यांनी वेगळी ओळखली. चिवट तंतूंच्या जाळ्यात लहान, गोल, गडद पेशींची बेटे, असे तिचे रूप. तिची खूण गुणसूत्रांत आहे: ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. ही जोडणी सापडली की शंका उरत नाही. गाठीचे गाव तिच्या चेहऱ्यावरून नव्हे, तर थेट दप्तरातून कळले, असेच म्हणायचे.

पाच मिलिमीटरची रेघ

आता पुन्हा अंडाशयासारख्या दिसणाऱ्या गाठीकडे. अंडाशयातून पर्युदरावर आलेली आणि पर्युदराची स्वतःची, या दोघींचे रूप एक, प्रतिपिंडांचे रंगही एकच. मग फरक कसा करायचा? १९९३ साली अमेरिकेतल्या स्त्री-कर्करोगाच्या संशोधकगटाने व्यवहारी नियम ठरवले. दोन्ही अंडाशये नेहमीच्या आकाराची असावीत, किंवा मोठी असल्यास कारण निरुपद्रवी असावे. अंडाशयाबाहेरचा रोग अंडाशयावरच्या रोगापेक्षा अधिक असावा. अंडाशयाच्या आत रोग शिरलाच असेल तर तो ५ मिलिमीटर लांबी-रुंदीपेक्षा कमी असावा. असे असेल तर गाठ पर्युदराची म्हणावी.

हे नियम कामाचे होते, पण त्यांत एक गृहीत दडलेले होते. गाठ जिथे मोठी तिथेच ती जन्मली असणार! एखादी पेशी लहानशा जागी बिघडून, तिथून निसटून, मोकळ्या मैदानात फोफावली तर हे नियम चकणारच. आणि तसे होत असावे अशी शंका घ्यायला जागा १९८२ सालापासूनच होती. ज्या घराण्यांत अंडाशयाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या येतो अशा १६ घराण्यांतल्या २८ स्त्रियांनी रोग होण्यापूर्वीच अंडाशये काढून घेतली होती. तरीही त्यांतल्या तिघींना पुढे पोटभर तसाच कर्करोग झाला. अंडाशयेच नव्हती; मग तो आला कुठून? त्या वेळी उत्तर सोपे वाटले: सगळे पर्युदरच बिघडायच्या बेतात असणार. १९९४ आणि १९९५ साली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके सापडली आणि अशा घराण्यांचे कोडे थोडे सुटले. यांतल्या एका जनुकात जन्मतःच उत्परिवर्तन असले की पेशीला डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही.

त्यानंतर अशा स्त्रिया अंडाशयांबरोबर अंडनलिकाही काढून घेऊ लागल्या. नेदरलँड्समधल्या पीक व सहकाऱ्यांनी २००१ साली या नलिका बारकाईने तपासल्या, तेव्हा वरकरणी निरोगी नलिकांच्या अस्तरात कर्करोगाच्या वाटेवरच्या पेशी सापडल्या. बोस्टनच्या विकृतिशास्त्रज्ञांनी मग नलिका तपासायची रीतच बदलली. पूर्वी नळीचे एकदोन नमुन्याचे काप पाहत. आता संपूर्ण नळी दोन-तीन मिलिमीटरवर कापायची, आणि अंडाशयाजवळचे झालरीसारखे टोक उभे चिरून सगळेच्या सगळे पाहायचे, असे ठरले. त्या झालरीतच बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारा, अस्तराबाहेर न गेलेला कर्करोग सापडू लागला. ज्यांच्या गाठीला ‘प्राथमिक पर्युदरीय’ म्हटले गेले होते अशा अनेक स्त्रियांच्या नलिकांतही तो निघाला. टीपी-५३ या जनुकातला बिघड झालरीतल्या पेशींत आणि पर्युदरावरच्या मोठ्या गाठीत अक्षरशः तोच होता. झालर पोटाच्या पोकळीत उघडते. तिथून सुटलेली पेशी सरळ पर्युदरावर पडते.

म्हणजे ज्या गाठींना आपण या गावच्या समजत होतो त्यांतल्या पुष्कळशा शेजारच्या गावातून आलेल्या होत्या. पूर्वी त्या गावात कुणी नीट शोधलेच नव्हते. २०१४ सालापासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंडाशय, अंडनलिका आणि पर्युदर या तिन्हींच्या कर्करोगासाठी टप्प्यांची एकच मोजपट्टी लावली आहे. आजच्या नियमानुसार दोन्ही नलिका आणि दोन्ही अंडाशये पूर्णपणे तपासून तिथे काहीही न सापडले तरच या जातीची गाठ प्राथमिक पर्युदरीय म्हणायची. ती तशी म्हणायची वेळ आता फारच क्वचित येते. मेसोथेलिओमा किंवा मुलांमधली ती गोल पेशींची गाठ यांच्याबाबत असा वाद नाही, त्या पर्युदराच्याच.

रुग्णाच्या दृष्टीने यात काय बदलले? या जातीच्या गाठीवर उपचार तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकच आहेत: दिसेल तेवढा रोग काढणारी शस्त्रक्रिया आणि प्लॅटिनम असलेली औषधे. फरक पडला तो घरातल्या इतरांना. पर्युदराची गाठ निघाली तरी आता बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवतात, कारण बिघाड सापडला तर मुली, बहिणी, भाच्या यांना वेळेवर सांगता येते. मुलग्यांकडूनही तो पुढच्या पिढीत जातो, हे घरोघरी विसरले जाते. त्या स्त्रियांनी मुले झाल्यावर नलिका आणि अंडाशये दोन्ही काढून घेतली तर धोका पुष्कळ कमी होतो.

पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. नलिका काढल्यानंतर, त्या पूर्ण तपासून निरोगी ठरल्यानंतरही, अशा थोड्या स्त्रियांना काही वर्षांनी पर्युदराचा कर्करोग झालेला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच झालरीतून काही अर्धवट बिघडलेल्या पेशी निसटून पर्युदरावर जाऊन बसल्या असाव्यात आणि उरलेला बिघाड त्यांच्यात तिथेच पूर्ण झाला असावा, असे काही संशोधक मांडतात. मग त्या गाठीचे मूळ गाव कोणते धरायचे, पेशी जिथे जन्मली ते की जिथे ती कर्करोगाची झाली ते, यावर विकृतिशास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे.